न दिलेली मात्रा

छापखान्यात बाईंना सगळे मात्राबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, एवढी छाती कुणाची? पण पाठ वळली की मात्राबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

त्यांचा उभा जन्म प्रुफं वाचण्यात गेला. छापायला जाणाऱ्या कागदावरच्या चुका लाल शाईने दाखवायच्या, एवढंच काम. पण त्या कामाची बाईंना अशी काही सवय लागली होती की कागद संपला तरी लाल शाई संपायची नाही. ‘शिक्षक दीन’ अशी जाहिरात छापायला आली, तेव्हा बाईंनी मालकांना बोलावून सांगितलं, “शिक्षक दीन असतात हे मलाही माहीत आहे. पण ते छापायचं नसतं. दि ऱ्हस्व करा.” औषधाच्या दुकानाच्या पाटीवर ‘मिळतिल’ होतं, म्हणून वर्षभर त्या लांबच्या दुकानातून गोळ्या आणत होत्या. एका ओळखीच्यांकडे माणूस गेला, बाई सांत्वनाला गेल्या आणि भिंतीवरची सूचना वाचून हळूच म्हणाल्या, “दुःखदमध्ये विसर्ग राहिलाय हो.” घरच्यांनी रडता रडता विसर्ग दिला. आता बोला!

नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला बाई पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावायच्या. “आपलं प्रूफ आपण कधी वाचू नये. आपण जे लिहायचं ठरवलेलं असतं, तेच आपल्याला दिसतं. जे लिहिलंय ते दिसत नाही.” ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

यजमान अगदी उलट. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. आयुष्यभर वर-खाली करून माणूस शांत झाला होता. बाईंच्या संसारात बोलायला फारशी जागाही नव्हती, म्हणून ते हसायचे तेही मिशीतल्या मिशीत.

तर बाई निवृत्त झाल्या आणि घरात बसून चुका काढायला यजमान सोडून काही उरलं नाही. यजमानांच्या चुका दोन महिन्यांत संपल्या. मग त्यांना इंटरनेटवरचा तो कोश सापडला, ज्यात कुणीही जाऊन लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडू शकतं. बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला! त्यांनी ‘अनुस्वार’ असं टोपणनाव घेतलं आणि सकाळचा चहा झाला की बसल्याच. मग एक दिवस दुसऱ्यांच्या चुका काढता काढता त्यांच्या मनात आलं, जन्मभर लोकांची पुस्तकं धुतली-पुसली, आपलं म्हणून चार ओळी कुठे आहेत? म्हणून त्यांनी स्वतः एक लेख लिहिला. आयुष्यातला पहिला. विषय कुठला? तर त्यांच्या चर्चचा पूर्व विभाग.

आता हे चर्च कसं, ते सांगितलं पाहिजे. चर्च लहान. सगळे सभासद एका वेळी फोटोत मावतील आणि वर फोटोवाल्यालाही उभं राहायला जागा मिळेल. पण विभाग मात्र चार! पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. माणसं दोन आणि चुली चार, अशातली गत. पूर्वी पूर्व-पश्चिम असं काही नव्हतं, एकच मधला विभाग होता. मग कुणाच्या डोक्यात आलं, कारभार सोपा व्हावा म्हणून मधल्या मोठ्या रस्त्यावरून दोन भाग करावेत. त्यासाठी सभा भरली. तासभर ‘रस्ता कुणाचा’ यावरच भांडण झालं. शेवटी हवा यावी म्हणून कुणीतरी काठीने वरची झरोक्याची खिडकी ढकलली आणि तिथे लटकलेलं मधमाश्यांचं पोळं सभेत उतरलं. मग काय विचारता! पूर्वही पळाली आणि पश्चिमही. पाळकसाहेब व्यासपीठाखाली. बाई खुर्चीत अडकल्या होत्या. त्यांच्या धाकट्या भावाने अंगातला कोट काढून ताईच्या डोक्यावर टाकला, तिला बाहेर ओढलं आणि स्वतः माश्यांचा मार खाल्ला. त्याचा एक डोळा सुजून पार बंद झाला.

त्या सभेचा अहवाल लिहायचं काम या धाकट्याकडेच होतं. त्याने तो तसाच, एका डोळ्याने लिहिला. ‘पूर्व आणी पश्चिम हे दोन विभाग आता वेगळे झाले आहेत’ अशी सुरुवात होती. हा ‘आणी’ त्याचा लहानपणापासूनचा. बापाने मारलं, गुरुजींनी मारलं, पण पालथ्या घड्यावर पाणी, णी काही ऱ्हस्व झाला नाही. अहवाल तपासायला ताईकडे आला. आणि ताईने काय करावं? पान लाल करून टाकलं आणि खाली लिहिलं, ‘लेखकाने आधी बाराखडी शिकावी.’ तो कागद तसाच पुढच्या सभेत गेला, हातोहात फिरला, लोक पोट धरधरून हसले. धाकटा उठला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि रस्ता ओलांडून गेला. त्याचं घर पश्चिमेला होतं. तो पश्चिम विभागाचा चिटणीस झाला आणि ताईशी बोलेनासा झाला.

“मी शुद्धलेखन तपासलं, माणूस नाही तपासला,” असं बाई जो भेटेल त्याला सांगायच्या. पण भावाला जाऊन काही सांगितलं नाही. मोठी बहीण ना! आधी त्याने यायचं. तो म्हणे, आधी तिने. मधला रस्ता ओलांडायला सिग्नलही होता, पण वर्षं गेली.

असा सगळा मामला असताना बाईंनी कोशात पूर्व विभागाचा लेख लिहिला. घोटून घोटून, एकही काना-मात्रा इकडची तिकडे न होऊ देता. कुणीतरी त्यांचं बघून बाकीच्या तीन विभागांचेही दोन-दोन ओळींचे लेख टाकले. आणि मग कात्रीवाला आला.

कात्रीवाला म्हणजे कोशातला एक जुना कारभारी. त्याचं खरं टोपणनाव भलतंच होतं, पण जिथे जाईल तिथे कापत जायचा म्हणून सगळे त्याला कात्रीवाला म्हणायचे. त्याने पाटी लावली : ‘चर्चच्या विभागांना वेगळा लेख कशाला? एवढे उल्लेखनीय ते नाहीत. चारही लेख वगळा आणि मूळ चर्चच्या लेखात विलीन करा. चर्चा खाली करावी.’

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “अहो, ऐकलंत का? आपल्या विभागाला हा मेला उल्लेखनीय नाही म्हणतो!”

“आहे का?” यजमानांनी विचारलं.

बाईंनी असं बघितलं की त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

चर्चा पेटली. कात्रीवाला म्हणाला, “बँकेच्या प्रत्येक शाखेला आपण लेख देतो का?” बाई म्हणाल्या, “जिथे गाडी थांबत नाही अशा स्टेशनाला लेख आहे. मग जिथे माणसं थांबतात त्या विभागाला का नको?” कुणी म्हणालं, विभागाकडे एक गाडी आणि दोन खुर्च्या, एवढ्याचा लेख? बाईंनी कळवलं, खुर्च्या चार आहेत. मग कात्रीवाल्याने हुकमाचं पान टाकलं, “चर्चच्या बाहेरच्या कुणी, एखाद्या वर्तमानपत्राने, या विभागाबद्दल कधी काही छापलंय का? पुरावा दाखवा.” बाईंनी वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. अख्ख्या इतिहासात एकच बातमी निघाली : ‘मधमाश्यांच्या हल्ल्यात चर्चची सभा उधळली.’ नाइलाजाने बाईंनी तीच दिली. कात्रीवाल्याने शांतपणे लिहिलं, “यावरून उल्लेखनीय ठरतात त्या मधमाश्या.”

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

मतं मोजायची पद्धत अशी होती की प्रत्येकाने ‘ठेवा’ किंवा ‘वगळा’ असं लिहायचं. बाईंना तेही पटेना. प्रश्न ‘वेगळा लेख असावा का’ असा आहे, तर उत्तर ‘वेगळा’ असं हवं, ठेवा-बिवा काय? ठेवायला ते भांडं आहे का? कात्रीवाल्याने समजावलं, “बाई, ‘वेगळा’ आणि ‘वगळा’ यांत एका मात्रेचं अंतर. उगाच घोळ होईल.” बाईंनी उत्तर ठोकलं, “मात्रा बघून लिहिणाऱ्याचा घोळ होत नाही.” आणि हट्टाने सगळीकडे ‘वेगळा’ लिहीत सुटल्या.

अशात एक दिवस चर्चेत ‘पश्चिमवासी’ नावाचा नवा माणूस उगवला. त्याने लिहिलं, “माझ्या मते पूर्व आणी पश्चिम यांचा लेख एकच असावा!!”

बाईंचा चहाचा कप हवेतच राहिला. तो णी! ती दोन उद्गारचिन्हं! हजार माणसांत ओळखला असता. “अहो,” त्या म्हणाल्या, “हा आमचा धाकटा आहे.”

त्यानेही ओळखलं असणारच. अर्धविराम देणारी माणसं जगात उरली आहेत किती?

मग जी मजा सुरू झाली म्हणता! वर्षानुवर्षं एक शब्द न बोललेली भावंडं रोज सकाळ-संध्याकाळ भांडायला लागली. एकमेकांना ‘आपण’ म्हणायचे. “आपला मुद्दा गैरलागू आहे, आपण मूळ प्रश्न वाचावा.” “मुळ प्रश्न आपणच वाचला नाही!!” त्याच्या ‘मुळ’ला बाईंचे हात शिवशिवायचे, पण त्या गप्प राहायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सकाळी उठल्याबरोबर आधी फोन बघायच्या. एक दिवस त्याचं काहीच आलं नाही, तर दुपारपर्यंत चार वेळा यजमानांना म्हणाल्या, “आजारी-बिजारी नाही ना पडला?” संध्याकाळी त्याचं आलं, ‘आपला युक्तिवाद पोकळ आहे!!’ आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

शेवटी कात्रीवाल्याने जाहीर केलं, आता चर्चा बंद होणार, शेवटची मतं द्या. इकडे बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, फोन बघायचा नाही. तरी बाईंनी उशीखालून काढलाच. धाकट्याचं शेवटचं म्हणणं आलं होतं.

“चार भावंडांनी चार घरं केली तरी आई एकच असते. विभाग वेगळे झाले ते कारभारासाठी, भांडायला नाही. त्या मधमाश्यांच्या सभेत कोट टाकताना कोणी पूर्व आणी पश्चिम बघितलं नव्हतं. एकच लेख करा. त्यात सगळे राहू.”

उद्गारचिन्ह एकही नव्हतं.

बाईंनी ते एका डोळ्याने पुन्हा एकदा वाचलं. मग ताठ झाल्या. भाऊ भावाच्या जागी, तत्त्व तत्त्वाच्या जागी. जन्मात एक लेख लिहिला, तो असा दुसऱ्याच्या लेखाच्या तळाशी दोन ओळी होऊन पडायचा? नाही म्हणजे नाही. पण आता युक्तिवाद नको, एकच वाक्य. त्या मोठ्याने म्हणत म्हणत टाइप करू लागल्या, “वाद पुरे झाला. माझं शेवटचं सांगणं एकच : पूर्व विभागाचा लेख वेगळा.” शेजारी यजमान सफरचंद कापत होते, त्यांनी हे कानांनी ऐकलं.

फोनने काय ऐकलं, ते मात्र निराळं. महिनाभर त्या फोनवर बाईंनी ‘वगळा’ हा शब्द शंभरदा लिहिला होता, ‘वगळा म्हणणाऱ्यांना विचारते’, ‘वगळा कशासाठी?’ असा. घरात जो शब्द उठता-बसता कानावर पडतो, तोच पोर आधी बोलायला लागतं. बाईंनी व लिहिला, फोनने पुढचा शब्द अदबीने समोर धरला, बाईंनी एका डोळ्याने त्यावर बोट ठेवलं आणि पाठवून दिला. ध चा मा झालेला आपण ऐकलाय. इथे वे चा व झाला.

पुन्हा वाचून बघितलं का? बघितलं की! पण आपलं प्रूफ आपण वाचलं. बाईंना स्वच्छ ‘वेगळा’ दिसला. समाधानाने फोन उशीखाली गेला.

दोन दिवसांनी सकाळी दाराची घंटा वाजली. यजमानांनी दार उघडलं, तर धाकटा उभा. मागे त्याची बायको, हातात फळांची पिशवी. धाकट्याच्या डोक्यावरचे केस बरेच गेले होते आणि पोट बरंच आलं होतं. बाई पलंगावर उठून बसल्या. भावजय फळांची पिशवी उशाशी ठेवत म्हणाली, “ताई, डोळा कसा आहे?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

आणि धाकटा एकदम पलंगाच्या कडेवर बसून रडायला लागला. एवढा थोरला बाप्या, पण लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. “ताई, तू ‘वगळा’ लिहिलंस! स्वतःचा लेख! मला वाटलं होतं मरेपर्यंत तू हटायची नाहीस. मी बायकोला दहा वेळा वाचून दाखवलं, ‘पूर्व विभागाचा लेख वगळा.’ म्हटलं, माझ्या ताईने माझ्यासाठी आपल्या हाताने आपला लेख कापला. आता मी नाही गेलो तर मी माणूस नाही.”

बाईंना पहिल्यांदा काही उमजेचना. वगळा? कोण म्हणालं वगळा? मग उशीखालचा फोन आठवला. “चहा... चहा टाकते,” म्हणत त्या उठल्या, उशीखालचा फोन पदराआड घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यापाशी त्यांनी तो नाकाला लावून वाचला.

वगळा.

मात्रा नव्हती. खाली कात्रीवाल्याचा निकाल : “खुद्द अनुस्वार यांनीही मोठ्या मनाने मान्य केल्यामुळे एकमताने विलीन. त्यांचे आभार.”

अरे देवा! बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मभर लोकांच्या मात्रा वेचल्या आणि स्वतःची अशी भर चौकात सांडली? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अजून वेळ गेलेली नव्हती. एक ओळ लिहायची, ‘टंकनदोष, कृपया वेगळा असे वाचावे’, की कात्रीवाल्याला निकाल फिरवावा लागला असता. लेख परत मिळाला असता, अब्रूही राहिली असती. बोट ओळीवर आलंसुद्धा.

बाहेरून धाकट्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. तो यजमानांना सांगत होता, “भाऊजी, तो अहवाल मी एका डोळ्याने लिहिला होता हो. दुसरा उघडतच नव्हता.”

बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यावर पट्टी होती. एका डोळ्याने माणूस काय लिहितो, हे त्यांना आज नव्याने कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्या वेळी तो डोळा सुजला होता कुणापायी?

त्यांनी फोन साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला आणि चहा घेऊन बाहेर आल्या.

धाकट्याने कप हातात घेतला आणि मग एकदम त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. शेवटी भाऊच तो, बहिणीला ओळखून होता. “ताई, एक विचारू? चुकून तर नाही ना झालं ते? म्हणजे... वेगळा लिहायचं होतं आणि मात्रा राहून गेली, असं काही?”

यजमानांना चहाचा ठसका लागला. भावजय त्यांच्या पाठीवर थोपटायला धावली. बाईंनी यजमानांकडे बघितलं, मग धाकट्याकडे. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे आवाज नको तितका चढला.

“माझ्या हातून मात्रा सुटते का रे कधी?”

“छे!” धाकटा म्हणाला आणि डोळे पुसत हसला. “तेच म्हटलं मी हिला.”

मग त्याने खिशातून कागद काढले. एकत्र लेख लिहायचं काम कात्रीवाल्याने त्याच्यावर सोपवलं होतं. “तूच बघ आता. पाहिजे तेवढं लाल कर. मी काही म्हणणार नाही.” आणि मान खाली घालून बसला.

बाईंनी लाल पेन मागवलं. पहिलंच वाक्य होतं : ‘पूर्व आणी पश्चिम हे विभाग मूळचे एकच.’ ‘मूळ’ मात्र त्याने या वेळी दीर्घ लिहिला होता, बिचाऱ्याने शब्दकोशात बघितला असावा. बाईंचं पेन सवयीने खाली आलं आणि ‘आणी’ खोडून मोकळं झालं. मग त्या थांबल्या. छापखान्यात चुकून खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असला की त्याखाली टिंबं देतात. म्हणजे असू द्या. बाईंनी त्या ‘आणी’खाली टिंबं दिली, सावकाश, एकेक.

“बाकी ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर यजमान कप विसळत म्हणाले, “मात्रा दिली नाहीस, आणि मात्रा लागू पडली.”

“कुणाला एक शब्द बोललात तर बघा,” बाई म्हणाल्या.

तो एकत्र लेख आजही कोशात आहे. येणारा-जाणारा शहाणा पहिल्या वाक्यातला ‘आणी’ बघतो, हळहळतो आणि ऱ्हस्व करून जातो. संध्याकाळच्या आत ‘अनुस्वार’ येऊन तो पुन्हा दीर्घ करतात. एकदा कात्रीवाल्याने वैतागून विचारलं, “बाई, तुमच्यासारखीने असं करावं? हे चूक आहे हे तुम्हाला कळत नाही का?”

बाईंनी उत्तर दिलं, “कळतं, असू द्या.”